युवानिधीचे तीन हजार की उद्यमबागेतले नऊ हजार?

ताई,
मी खानापूर तालुक्यातल्या एका गावातली. वय २३. दहावीपर्यंत मराठी माध्यम, २०२४ साली बेळगावात बी.कॉम. झाले. घरी थोडं भात, थोडी काजूची झाडं. भाऊ गोव्यात वेर्ण्याला कंपनीत कंत्राटावर आहे. मला युवानिधीचे (कर्नाटक सरकारचा बेकार पदवीधरांसाठीचा भत्ता) महिन्याला ३,००० मिळतात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत (लोखंड ओतायच्या कारखान्यात) अकाउंट्सला वर्षभर शिकाऊ म्हणून घेतो म्हणालेत, महिना ९,०००. पण तिथं गेले तर युवानिधी बंद होणार, आणि वर्षानंतर कायम करू असं ते काही लिहून देत नाहीत. बाबा म्हणतात, घरी बसून बँकेची परीक्षा दे. चंदगडचे मामा म्हणतात, माझ्या पत्त्यावर महाराष्ट्राचा दाखला काढू, तिकडच्या योजनेत पदवीधराला १०,००० मिळतात. शहरातली एक संस्था ६,००० नोंदणी फी घेऊन ‘सरकारी’ कॉम्प्युटर कोर्स देते, नोकरीची हमी आहे म्हणते. भावाला गावात काजूचा कारखाना टाकायचाय. कर्ज तुझ्या नावावर काढू म्हणतो, कारण बाईला सबसिडी जास्त. माझं कन्नड बोलण्यापुरतं आहे, लिहायला जमत नाही. एवढ्यातलं मी काय धरू?
(नाव छापू नये)

फाउंड्रीत जा.

तुझ्या पत्रात पाच-सहा वाटा आहेत आणि त्यातल्या बहुतेक वाटांवर कुणीतरी तुला काहीतरी देतंय: निधी, दाखला, सर्टिफिकेट, सबसिडी. तुझ्याकडून काम हवंय असं म्हणणारी जागा फक्त एकच आहे. योजना कुठलीही असो, मी आधी हेच बघते की तिच्या शेवटी कुणाला तरी माझी गरज पडणार आहे का. माझी अर्धी नोकरी बेळगावातल्या कारखान्यांच्या ऑफिसांत हिशेब लिहिण्यात गेली, त्यामुळे माझं मत त्या बाजूला झुकलेलं आहे हे आधीच सांगते.

आता पैशाचा हिशेब. युवानिधी पदवीधराला महिना ३,००० आणि डिप्लोमावाल्याला १,५०० असा, जास्तीत जास्त दोन वर्षं. सगळी दोन वर्षं धरलीस तरी ७२,००० होतात, आणि त्यातला काही भाग तुझा घेऊन झालाय. शिकाऊ म्हणून वर्षभरात १,०८,००० मिळतील. निधी बंद होण्याची भीती तू बाळगतेस ती या आकड्यांपुढे टिकत नाही. जानेवारी २०२४ मध्ये शिवमोग्ग्यात ही योजना सुरू झाली तेव्हा मी तिच्यावर नाक मुरडलं नव्हतं, आजही मुरडत नाही. पास होऊन सहा महिने उलटले तरी हाताला काम नाही, अशा पोराला अर्जाची फी, बसभाडं, मोबाइलचा रिचार्ज यासाठी बापापुढे हात पसरावा लागू नये, एवढं काम ती चोख करते. पण काही घरांत मी बघते, मुलीला आलेलं काम ‘निधी जाईल’ म्हणून नाकारलं जातं. हे उलटंच झालं.

एक मात्र पक्कं कर. शिकाऊ म्हणून विद्यावेतन घेणाऱ्याला युवानिधी घेता येत नाही, तसं योजनेच्या नियमांतच आहे. ‘कोण बघायला येतंय’ म्हणणारे तुला गावात दहा भेटतील. ‘मला काम नाही’ अशी खोटी स्वयंघोषणा केली तर दिलेले पैसे सरकार परत मागू शकतं, आणि आधारला जोडलेल्या खात्यांत आज ना उद्या दोन याद्या एकमेकींना भेटतातच.

शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा आहे. तुझ्यासारख्या बी.कॉम. वाल्यांनाही त्यात जागा आहे, ती फक्त आयटीआय आणि इंजिनिअरांची गोष्ट राहिलेली नाही. तीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या कारखान्याला आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. म्हणजे फाउंड्री तुझ्यावर उपकार करत नाहीये. २०१९ च्या दुरुस्तीत पदवीधराचं किमान विद्यावेतन महिना ९,००० ठरलं, आणि पदवीधरांसाठीच्या राष्ट्रीय योजनेतून जागा भरली तर किमान रकमेचा निम्मा वाटा केंद्र सरकार उचलतं. हे तुला माहीत असलेलं बरं, कारण मॅनेजर बोलताना ‘आम्ही तुला शिकवतो वर पैसेही देतो’ असा सूर लावतील. लावू देत. तू फक्त एवढं विचार: करार सरकारच्या शिकाऊ उमेदवारीच्या पोर्टलवर नोंदवणार का? नोंदणी क्रमांक मिळाला, तर तू शिकाऊ उमेदवार. तो नसेल तर तू नुसतीच स्वस्तातली कारकून, आणि वर्षानंतर हातात सर्टिफिकेटही नाही. कर्नाटकातल्या पदवीधरांची ही नोंद आणि सर्टिफिकेट चेन्नईच्या शिकाऊ प्रशिक्षण मंडळाकडून होतं. सीमेपलीकडे चंदगडातल्या शिनोळीच्या एमआयडीसीत गेली असतीस तर मुंबईच्या मंडळाकडून झालं असतं. किंमत दोन्हीची सारखीच, कायदा केंद्राचा आहे. सीमेच्या अलीकडे-पलीकडे कुठंही चालणारी गोष्ट आपल्या भागात विरळाच, म्हणून मुद्दाम सांगितलं.

कायम करणार का, हे ते लिहून देत नाहीत, आणि कायद्याने त्यांच्यावर तशी सक्ती नाही. यात काही काळंबेरं शोधू नकोस. तू वर्षभरात काय उचलतेस त्यावर पुढचं ठरतं, आणि बेळगावच्या फाउंड्रीच्या ऑफिसात उचलण्यासारखं बरंच असतं. कॉलेजात तुम्हाला जर्नल आणि लेजर शिकवलं. इथं काय होतं बघ: कास्टिंग, म्हणजे ओतीव माल, किलोवर विकलं जातं. भट्टीत गेलेलं पिग आयर्न आणि भंगार, त्यातून निघालेला माल, रिजेक्शनमध्ये परत भट्टीत गेलेला माल, हे वजन जुळलं नाही तर तुझा नफ्याचा आकडा हवेतला. मग तोच माल मशीनिंगला दुसऱ्या शेडमध्ये जातो. जॉबवर्कचं (आपल्या मालावर दुसऱ्याकडून काम करून घेण्याचं) चलन फाडावं लागतं, माल वेळेत परत आला का ते बघावं लागतं, त्याचं आयटीसी-०४ हे जीएसटीचं विवरणपत्र भरावं लागतं. ५०,००० च्या वरचा माल गाडीत चढला की ई-वे बिल. महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१ हे विक्रीचं विवरणपत्र, १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला जीएसटी भरायचं ३-बी. या तारखा अंगात मुरल्या की बेळगाव, मच्छे, होनगा, काकती, कोल्हापूर कुठंही तुझं अडत नाही. टॅली येतं म्हणणारी मुलं ढिगाने आहेत. जॉबवर्कचा स्टॉक जुळवून देणारी मुलगी मालक सोडत नाही, आणि सोडलीच तर शेजारच्या शेडमधला मालक ठेवून घेतो. उद्यमबागेत बातम्या अशाच फिरतात.

म्हणून पहिल्या महिन्यातच विचार की मला नुसतं फायलिंग आणि चहा सांगणं होणार का, की महिन्यातून एकदा तरी जीएसटीच्या रिटर्नला बसवणार. करारात कामाचं नाव काय लिहिलंय ते वाच. तीन महिने झाले तरी व्हाउचर चिकटवण्यापलीकडे तुला काही देत नसतील तर गप्प बसू नकोस.

जाण्यायेण्याचं तू लिहिलं नाहीस, पण खानापूरची बस उद्यमबागेवरूनच पुढे जाते, आणि जून २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना राज्याच्या साध्या बसला तिकीट नाही. म्हणजे ९,००० मधले भाड्यात काही जाणार नाहीत. संध्याकाळची परतीची बस किती वाजता सुटते, ते रुजू होण्याआधी स्टँडवर स्वतः विचारून ये; महिनाअखेरीला ऑफिस उशिरापर्यंत चालतं. कामाच्या ठिकाणी दहा किंवा जास्त माणसं असली की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती २०१३ च्या कायद्याने लागते. तिच्यावर कोण आहे, बायकांचं शौचालय कुठं आहे, हे विचारायला लाजू नकोस. फाउंड्रीची ऑफिसं अजून पुरुषांची आहेत. विचारणारी पहिली मुलगी तू असशील तर असू दे.

त्या ६,००० वाल्या कोर्सबद्दल दोनच वाक्यं. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेचं अल्पमुदतीचं प्रशिक्षण उमेदवाराला मोफत असतं, ‘सरकारी’ म्हणून फी मागतोय तो सरकारच्या नावावर आपली दुकानदारी करतोय. आणि नोकरीची हमी तोंडी असते, पावती तेवढी लेखी.

मामांचं जरा सांभाळून घ्यावं लागेल, कारण त्यांचा जीव आहे तुझ्यावर. ते म्हणतात ती महाराष्ट्राची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. २०२४ साली सुरू झाली, बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,०००. पण ती महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे आणि तिकडचा अधिवास दाखला निघायला १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. तू जन्मापासून खानापुरात. मामांच्या रेशनकार्डावर नाव चढवून ते १५ वर्षं कुठून आणणार? खोट्या कागदावर मिळालेली जागा पुढं पोलीस पडताळणीत गेली की इकडचं कर्नाटकाचं रहिवासीपणही संशयात येतं. १,००० रुपये जास्त मिळतात म्हणून दोन्ही राज्यांत उपरी होऊ नकोस. शिवाय त्या योजनेतली मुदत संपल्यावर ‘आम्हाला कायम करा’ म्हणून त्याच मुलांना मोर्चे काढावे लागले. कायम करण्याची हमी तिथंही नाही.

मामांना दुसरी, खरी वाट सांग. महाराष्ट्र सरकारने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषक उमेदवारांना महाराष्ट्राच्या सरकारी भरतीत अर्ज करता येतो. त्या गावात १५ वर्षं राहिल्याचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला जोडावा लागतो, महाराष्ट्राचा अधिवास लागत नाही. पोलीस भरतीपासून इतर खात्यांपर्यंत अनेक जाहिरातींत ही ओळ असते, अगदी शेवटी बारीक अक्षरांत. तिथल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशातही सीमाभागाच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी पात्रता आहे. तुझं गाव यादीत आहे का ते बघ. असेल तर दाखला आजच काढायला टाक, कारण जाहिरात आल्यावर धावपळ करणाऱ्यांचीच मुदत चुकते. हा हक्क आहे, पळवाट नव्हे. फक्त ती ओळ जाहिरातीत असेल तिथंच तो चालतो. प्रत्येक योजनेला ८६५ गावांचं नाव सांगून दार उघडत नाही.

भावाचं प्रकरण मला सगळ्यात नाजूक वाटलं. त्याचं गणित बरोबर आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात सर्वसाधारण प्रवर्गातल्या पुरुषाला प्रकल्पाच्या २५ टक्के अनुदान आणि बाईला ३५ टक्के. स्वतःचे घालायचे पैसेही बाईला ५ टक्के, त्याला १०. वीस लाखांच्या प्रकल्पावर अनुदानातच दोन लाखांचा फरक पडतो. म्हणूनच आपल्या भागात कित्येक युनिटांच्या पाटीवर बहिणीचं किंवा बायकोचं नाव असतं आणि गल्ल्यावर दुसराच बसलेला असतो. तुला कुणी सांगितलं नसेल ते सांगते. अनुदान हातात मिळत नाही. ते तीन वर्षं तुझ्या नावाने बँकेत ठेव म्हणून पडून राहतं आणि युनिट चालू आहे हे तपासल्यावरच कर्जात वळतं होतं. मध्येच कारखाना बंद पडला तर अनुदान परत जातं आणि हप्ते तुझ्या नावावर राहतात. काजू बी एप्रिल-मेमध्ये येते, तेव्हाच वर्षभराची खरेदी करावी लागते, म्हणजे खेळत्या भांडवलाचं ओझं पहिल्या हंगामातच अंगावर. ते भावाने कुठं बघितलंय का? वेर्ण्याच्या कंपनीत काजू नसतो.

त्याला सरळ नाही म्हणू नकोस. म्हण की एक हंगाम चंदगडच्या एखाद्या काजू कारखान्यात काम करून ये, तोवर मी फाउंड्रीत कॉस्टिंग शिकते. जिल्ह्यातल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत राहण्या-जेवणासकट मोफत शिबिरं होतात, तीही त्याने एक करावी. वर्षाने दोघांनी बसून प्रकल्प अहवाल स्वतः लिहा, एजंटाकडून नको. तेव्हाही तुझ्या नावावर काढायचं असेल तर चेकबुकावर सही तुझी आणि हिशेबाची वही तुझ्याकडे. हे तो मान्य करत नसेल तर त्याने आपल्या नावावर २५ टक्क्यांत काढावं. आणि युवानिधी चालू असताना सरकारी योजनेचं कर्ज काढलंस तरी निधी जातोच, हेही त्याच्या कानावर घाल.

बाबांच्या बँकेच्या परीक्षेला माझा विरोध नाही, घरी बसण्याला आहे. सरकारी बँकांच्या क्लार्क भरतीची परीक्षा मराठीतूनही देता येते, कन्नडमधूनही. अर्ज एका राज्यासाठी करावा लागतो आणि त्या राज्याची भाषा लिहिता-वाचता-बोलता आली पाहिजे. ती दहावी-बारावीच्या मार्कशीटवर विषय म्हणून असेल तर वेगळी चाचणी नसते. तुझी दहावीची मार्कशीट काढून बघ. मराठी आहेच, कन्नडही असेल तर दरवर्षी जागा बघून ठरवता येईल की यंदा कर्नाटक धरायचं की महाराष्ट्र. पुण्याच्या मुलीला ही निवड नाही, बेंगळुरूच्याही नाही. परीक्षेचा अभ्यास नोकरी करत सकाळी दोन तास होतो. दिवसभर घरी असलेली मुलगी दोन तासच अभ्यास करते आणि उरलेला वेळ धुणीभांडी आणि पाहुण्यांत जातो, हे बाबांना तू सांगू शकणार नाहीस, म्हणून मी इथं लिहिलं.

आता कन्नड. इथं आपल्याकडे घसा बसेपर्यंत वाद होतात, त्यात मला पडायचं नाही. कागद मराठीत मिळावेत ही मागणी रास्त आहे. पंधरा टक्क्यांहून जास्त भाषिक अल्पसंख्य असलेल्या भागात तशी तरतूदच आहे आणि ती मागत राहिलंच पाहिजे. पण कामगार खात्याची नोटीस उद्या फाउंड्रीच्या टेबलावर येईल ती कन्नडमध्ये असेल, आणि ती वाचायला तुला शिपायाला हाक मारावी लागली तर त्या ऑफिसात तुझी किंमत तेवढ्यापुरती कमी. राज्याच्या बहुतेक भरतीत कन्नडचा पेपर उत्तीर्ण व्हावा लागतो. २०२४ च्या जुलैत खाजगी नोकऱ्यांत स्थानिकांना आरक्षण देणारं विधेयक मंत्रिमंडळाने मंजूर केलं आणि ओरड झाल्यावर दोनच दिवसांत थांबवलं, तेव्हा त्यातही ‘स्थानिक’ कोण, तर पंधरा वर्षांचा रहिवास आणि कन्नड लिहिता-वाचता येणारा, अशी व्याख्या होती. ते विधेयक परत आलं तर खानापुरात जन्मलेली तू कागदावर परकी ठरू नयेस. बोलता येतंच, अर्धी वाट झाली. शाळेतली सातवीची कन्नड पुस्तकं घे, बसमध्ये रोज पाटी वाच, ऑफिसातल्या कुणा कन्नड मुलीला मराठी शिकव आणि तिच्याकडून लिहायला शीक.

शिकाऊ म्हणून घेतलेलं विद्यावेतन म्हणजे पीएफमधली नोकरी नव्हे, त्यामुळे वर्षानंतर पहिली पक्की नोकरी लागेल तेव्हा तू पीएफच्या दप्तरात ‘पहिल्यांदाच’ असशील. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात अशा पहिल्या नोकरीला केंद्राकडून एका महिन्याच्या पगाराइतके, कमाल १५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. पहिला हप्ता सहा महिने टिकल्यावर, दुसरा बारा महिन्यांनी. फाउंड्रीने नंतर ठेवून घेतलं तर पीएफ पहिल्या दिवसापासून कापायला लाव. ‘सहा महिने बघू, मग पीएफ’ हे उद्यमबागेत सर्रास ऐकू येतं आणि त्यात तुझे हे पैसेही जातात.

या आठवड्यात मॅनेजरला फोन करून दोन गोष्टी विचार: करार कोणत्या तारखेला पोर्टलवर चढवणार, आणि विद्यावेतन बँकेत की रोख. रोख म्हणाले तर जाऊ नकोस, मच्छेपासून उद्यमबागेपर्यंत त्याच बसच्या वाटेवर अजून पुष्कळ शेड आहेत. बँकेत म्हणाले तर पदवीचं प्रमाणपत्र, मार्कशीट, आधार आणि बँक पासबुक घेऊन जा, करारावर सही कर, आणि रुजू व्हायच्या आत राज्य सरकारच्या सेवासिंधू पोर्टलवर युवानिधी बंद करून त्याची पोच छापून ठेव.